पुढचे चाक की मागचे? चाकोरीपासून माउंटन बाइकपर्यंत टायरच्या रुंदीचा इतिहास

१/२०
वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव (मेघे) येथे, किंवा विदर्भातील कोणत्याही गावात, एखादी जुनी, उंच, काळी सायकल भिंतीला टेकलेली दिसली तर तिच्या चाकांतील स्पोक मोजून पाहावेत. पुढच्या चाकात बहुधा ३२ भरतील आणि मागच्या चाकात ४०. टायर मात्र दोन्ही चाकांना एकाच मापाचा, २८ × १½ इंच. दोन चाकांचे काम सारखे नाही, ही जाणीव त्या सायकलच्या घडणीत आहे; पण ती स्पोकच्या संख्येत उतरली, टायरच्या रुंदीत उतरली नाही. रुंदीचा प्रश्न पुढे डोंगरउतारावर धावणाऱ्या सायकलींनी सोडवला. त्या प्रश्नाचा हा इतिहास.

२/२०
प्रश्न साधा आहे. माउंटन बाइकच्या दोन चाकांपैकी अधिक रुंद टायर कोणत्या चाकाला असावा? गावात कोणालाही विचारले तर उत्तर येईल, मागच्या. कारण डोळ्यांसमोरचे सगळे दाखले तसेच आहेत. ट्रॅक्टरची मागची चाके प्रचंड आणि पुढची लहान. ताकदवान मोटारसायकलींचा मागचा टायर पुढच्यापेक्षा जाड. माउंटन बाइकच्या इतिहासाने मात्र याच्या नेमके उलट उत्तर दिले आहे. हे उत्तर उलटे का, हे समजून घेण्यासाठी प्रथम चाक आणि माती यांचे नाते पाहावे लागते.

३/२०
वर्धा जिल्ह्यात ते नाते फार जुने आहे. मध्य प्रांताच्या जमीन महसुलाच्या व्यवस्थेत इथल्या जमिनींचे प्रकार काळी, मोरंड, खर्डी, बरडी अशा स्थानिक नावांनीच नोंदले गेले. काळी म्हणजे खोल, चिकण, कापसाची जमीन. बरडी म्हणजे टेकड्यांवरची उथळ, मुरमाड जमीन. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा पिकाचा फरक होता. चाकाच्या दृष्टीने मात्र तो दोन वेगळ्या जगांचा फरक होता. काळीत पावसाळ्यात चाक रुतते आणि बरडीवर ते घसरते. रुतणे आणि घसरणे या दोन वेगळ्या व्याधी आहेत. त्यांवर एकच औषध चालत नाही.

४/२०
काळ्या मातीत मोंटमोरिलोनाइट गटातील चिकणखनिजे विपुल असतात. पाणी मिळाले की ही खनिजे फुगतात, वाळली की आकसतात. म्हणून हीच जमीन श्रावणात गिळगिळीत असते आणि वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओली काळी माती चाकाला नुसती लागत नाही. ती थरावर थर चढत जाते. चार-सहा फेऱ्यांत चाकाचा घेर वाढतो, मग चाक सांगाड्याला घासू लागते आणि शेवटी फिरायचेच थांबते. पांदणीतून सायकल खांद्यावर घेऊन चालणारा माणूस हे पावसाळ्यातले नेहमीचे दृश्य त्यामुळेच आहे.

५/२०
सायकलच्या आधी या मातीवर बैलगाडीचे राज्य होते. सुताराने घडवलेले लाकडी चाक आणि त्यावर लोहाराने तापवून चढवलेली लोखंडी धाव. धाव लालबुंद असताना बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. लोखंड आकसते आणि लाकडाला घट्ट आवळते. बैलगाडीची दोन्ही चाके एकाच आसावर शेजारी शेजारी असतात. त्यामुळे पुढचे-मागचे असा प्रश्न तिथे उद्भवत नव्हता. रुंदीचा प्रश्न मात्र होता. धाव अरुंद, कडक आणि न दबणारी. सगळा भार जमिनीच्या एका चिंचोळ्या पट्टीवर पडायचा आणि ती पट्टी खोल खोल कापली जायची.

६/२०
त्या कापलेल्या पट्टीला मराठीत नेमका शब्द आहे: चाकोरी. ‘चाकोरीबद्ध जीवन’ म्हणताना आज कोणाला चाक आठवत नाही, पण शब्द आला आहे तो गाडीवाटेवरूनच. एका गाडीने पाडलेल्या खाचेतून दुसरी गाडी जाते आणि खाच आणखी खोल होते. पावसाळा संपला की ओल्या काळीतल्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या टणक होतात. गाडीवानाला त्यांची अडचण होत नाही. उलट बैल आपोआप मार्गावर राहतात. दोन चाके एकामागोमाग असलेल्या वाहनाला मात्र हीच चाकोरी घातक ठरते. याचे कारण पुढे येईल.

७/२०
१८६७ मध्ये रेल्वे भुसावळकडून नागपूरपर्यंत आली आणि वर्धा त्या मार्गावरचे स्थानक झाले. लांबचा प्रवास रुळांवर गेला. शेतापासून बाजारापर्यंतचा प्रवास चाकोरीतच राहिला. १९३६ मध्ये महात्मा गांधी शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला गेले तेव्हा वर्ध्याहून तिथवरची वाट कच्चीच होती. जमनालाल बजाज यांच्या जुन्या फोर्ड मोटारीला बैल जुंपून पाहुण्यांची ने-आण होई आणि बैल व फोर्ड यांच्या या जोडीला गमतीने ‘ऑक्सफर्ड’ म्हणत. रबरी टायर काळ्या मातीवर आला खरा, पण ओढायला बैलच लागले.

८/२०
त्याच काळात वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम जे. सी. कुमारप्पा पाहत होते आणि १९३८ मध्ये तिथे मगन संग्रहालय उभे राहिले. कोणते साधन गावाच्या हाती राहते आणि कोणते गावाला बाहेरच्या कारखान्यावर अवलंबून ठेवते, हा या वर्तुळातील मध्यवर्ती प्रश्न होता. चाकाला तो नेमका लागू पडतो. धाव गावातला लोहार चढवू शकत होता. हवेचा टायर गावात होत नव्हता. १९३६ मध्येच हुगळीकाठच्या साहागंज येथे डनलॉपचा कारखाना सुरू झाला होता. हवा भरलेले चाक गावात येणार, हे ठरलेलेच होते.

९/२०
हवेच्या टायरचा जन्म दोनदा झाला. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ मध्ये त्याचे पेटंट घेतले, पण तेव्हा सायकलच नव्हती. कल्पना विस्मरणात गेली. पुढे बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८७ मध्ये मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच गोष्ट नव्याने शोधली. अंगणात त्यांनी दोन चाके सोडून पाहिली. धातूचे चाक मध्येच थांबले. हवेचे चाक थेट फाटकाच्या खांबापर्यंत जाऊन आदळले. त्यानंतर त्यांनी हवेचे टायर बसवले ते तीनचाकीच्या मागच्या दोन चाकांना. म्हणजे आरंभीच्या त्या प्रयोगातही पुढच्या-मागच्याचा भेद होताच.

१०/२०
१८८९ मध्ये विली ह्यूम या सायकलपटूने बेलफास्टमधील शर्यती हवेच्या टायरवर जिंकल्या आणि शंका घेणारे गप्प झाले. तोवर जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ ही सुरक्षित सायकल १८८५ मध्ये आलेली होती. तिच्याआधीच्या उंच सायकलीत पुढचे प्रचंड चाकच पायडलने फिरे आणि तेच दिशाही देई. खड्ड्यात अडले की स्वार तोंडावर पडे. ‘रोव्हर’ने कामाची वाटणी केली. साखळीमुळे मागचे चाक ढकलणारे झाले आणि पुढचे चाक केवळ वळवणारे. आजच्या टायर-निवडीचा सारा तर्क या वाटणीतून निघतो.

११/२०
भारतात पोहोचलेली सायकल ही या ‘रोव्हर’चीच वंशज. रॅले, हर्क्युलिस, बीएसए अशा इंग्रजी नावांनी ती आली. स्वातंत्र्यानंतर ती चेन्नई, सोनीपत, लुधियाना येथे घडू लागली. दुधाच्या कॅन, धान्याची पोती, मागे बसलेले माणूस, हे सगळे ओझे मागच्या चाकावर. म्हणून तिथे ४० स्पोक. टायर दोन्हीकडे सारखा ठेवण्यातही शहाणपण होते: दुकानदाराने एकच माप ठेवायचे आणि कोणताही टायर कोणत्याही चाकाला चढवायचा. सरळ रस्त्यावर, मध्यम वेगात ही सोय पुरेशी होती. डोंगरउतारावर ती अपुरी पडली.

१२/२०
हा शोध लागला तो अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात. १९३३ मध्ये श्विन कंपनीने मुलांच्या दणकट सायकलींसाठी २६ × २.१२५ इंचांचा ‘बलून’ टायर आणला होता. चाळीस वर्षांनी माउंट टॅमलपायसभोवतीच्या तरुणांनी त्या भंगारातल्या सायकली डोंगरावरून खाली सोडायला सुरुवात केली. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी ‘रिपॅक’ नावाची त्यांची पहिली शर्यत झाली. उतार इतका तीव्र की मागच्या चाकातील ब्रेकचे ग्रीस तापून जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. ग्रीस पुन्हा भरण्यावरूनच शर्यतीचे नाव पडले. दोन्ही टायर एकाच रुंदीचे होते, कारण दुसरे मिळतच नव्हते.

१३/२०
१९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी अशा उतारांसाठी खास सांगाडा घडवला. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिची यांच्या सांगाड्यांवर ‘माउंटनबाइक्स’ नावाचा व्यवसाय थाटला. १९८१ मध्ये ‘स्टम्पजंपर’ने हा प्रकार सर्वसामान्य दुकानांत पोहोचवला. आता पुढचे चाक आणि मागचे चाक यांचा विचार स्वतंत्रपणे होऊ लागला. १९८४ च्या सुमारास कॅननडेलने पुढे २६ आणि मागे २४ इंची चाक असलेली सायकल काढली. १९९० च्या दशकाच्या आरंभी पॅनारेसरचा ‘डार्ट’ पुढच्या चाकासाठी आणि ‘स्मोक’ मागच्या चाकासाठी, अशी ठरलेली जोडी विकली जाऊ लागली.

१४/२०
या प्रयोगांतून जे हाती आले ते असे. मागचे चाक घसरले तर सायकलची शेपटी हलते. स्वार तोल सावरू शकतो, फार तर वेळ जातो. पुढचे चाक घसरले तर वळवण्याचे साधनच नाहीसे होते आणि स्वार क्षणात जमिनीवर येतो. उतारावर ब्रेक लावताच भार पुढे सरकतो. थांबवण्याचे बहुतेक काम पुढचे चाक करते. चढावर भार मागे जातो आणि त्या भारानेच मागच्या टायरला पकड मिळते. म्हणून रुंदीची, मऊ रबराची आणि कडेच्या ठळक गुट्ट्यांची जास्त गरज पुढच्या चाकाला असते.

१५/२०
मग ट्रॅक्टर आणि मोटारसायकल उलटे का? कारण तिथे इंजिन आहे. शंभर सीसीच्या साध्या मोटारसायकलची ताकद सुमारे ८ अश्वशक्ती असते. तंदुरुस्त सायकलस्वार तासभर टिकवू शकतो ती ताकद साधारण २०० ते २५० वॅट, म्हणजे एक-तृतीयांश अश्वशक्ती. नांगर ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना ती सगळी ताकद मातीत उतरवायची असते. माणसाच्या पायांत मागचा टायर सतत उधळेल एवढी ताकदच नसते. उलट मागे विनाकारण जाड, जड टायर लावला तर जी थोडी ताकद आहे, तीही त्याला फिरवण्यात खर्ची पडते.

१६/२०
आता थोडे गणित. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो धरले, तर सपाटीवर सुमारे ४० टक्के भार पुढे आणि ६० टक्के मागे पडतो: ३४ आणि ५१ किलो. दोन्ही टायरांत चौरस सेंटिमीटरला २ किलो, म्हणजे सुमारे २८ पीएसआय हवा असेल, तर जमिनीला टेकणारा भाग पुढे साधारण १७ चौरस सेंटिमीटर आणि मागे सुमारे २५. म्हणजे मागचा टायर त्याच हवेत अधिक दबतो. दगडावर आपटला तर ट्यूब रिमखाली चिमटते. म्हणून मागे हवा दोन-तीन पीएसआय जास्त ठेवतात. पुढे रुंद टायर असला की हवा कमी ठेवता येते आणि पकड वाढते.

१७/२०
नियम अर्थातच आंधळेपणाने पाळायचा नसतो. मागे सामान लादून लांबचा प्रवास असेल, तर मागचा टायर पुढच्याइतकाच रुंद असणे योग्य. क्रॉस-कंट्री शर्यतींत आज अनेकजण दोन्हीकडे २.४ इंच वापरतात. २०१९ पासून आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने पुढे २९ आणि मागे २७.५ इंची अशी भिन्न चाकेही शर्यतींत मान्य केली. तपशील बदलले, पण एक सूत्र टिकले: डोंगरवाटेवर पुढचा टायर मागच्यापेक्षा अरुंद नसावा. प्रचलित जोडी म्हणजे पुढे २.३५ ते २.४, मागे २.१ ते २.२५ इंच.

१८/२०
हे सूत्र वर्ध्याच्या मातीवर आणले की चाकोरीचा मुद्दा परत येतो. उन्हाळ्यात वाळलेल्या चाकोरीत पुढचे चाक अडकले की ते वळत नाही. दुचाकीचा तोल तर वळवण्यावरच उभा असतो. अरुंद टायर खाचेत खोल बसतो. रुंद आणि किंचित मऊ टायर काठावर चढून बाहेर पडू शकतो. मुरमाच्या बरडी टेकड्यांवर सुटे खडे चाकाखाली गोट्यांसारखे फिरतात. तिथेही पुढची रुंदी वाचवते. मागे २.१ इंच पुरतो, कारण इथल्या कोणत्याही फेरीत डांबराचा वाटा मोठा असतो. बाभळीचा काटा आणि गोखरू मात्र रुंदी पाहत नाहीत. त्यांच्यासाठी ट्यूबलेस टायरमधले पंक्चररोधक द्रव हाच उपाय.

१९/२०
पावसाळ्यातील काळीला कोणतीही रुंदी पुरी पडत नाही. क्रॉस शर्यतींत ३३ मिलिमीटरचे अरुंद टायर चिखल कापून खालच्या घट्ट थरापर्यंत पोहोचतात. खोल काळीत हाताच्या अंतरावर तसा थरच नसतो. बर्फ आणि वाळूसाठी २००५ च्या सुमारास बाजारात आलेल्या, जवळजवळ ४ इंची टायरच्या ‘फॅट बाइक’ आता लहान गावांतही दिसतात. पण चिकट मातीत रुंद टायर अधिक माती उचलतो. इथे मोजायची ती टायर आणि सांगाडा यांतली मोकळी जागा. ती मागे सर्वांत कमी असते, म्हणून मागचा टायर अरुंद ठेवण्याचे आणखी एक कारण मिळते. आणि माती चढू लागली की पांदण सोडून रस्त्यावर यावे, हेच शहाणपण.

२०/२०
शेवटी पुन्हा ती भिंतीला टेकलेली काळी सायकल. मागचा टायर आधी झिजतो, म्हणून नवा टायर मागे चढवण्याची रीत आहे. वर सांगितलेला इतिहास त्याच्या उलट सांगतो. पुढचा, कमी झिजलेला टायर काढून मागे लावावा आणि नवा कोरा टायर पुढे. दोन्हींचे माप एकच असल्याने जुन्या सायकलीवर हे सहज जमते. खर्च एका टायरचाच. घासलेला टायर मागे फुटला तर माणूस उतरून सायकल ढकलत घरी येतो. पुढे फुटला किंवा घसरला, तर त्याला घरी आणावे लागते. रुंदी निवडताना आणि नवा टायर चढवताना लक्षात ठेवण्याजोगा फरक एवढाच आहे.